सशाचे पाऊल आणि आपली जीवदया
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ज्ञाताधर्मकथेच्या पहिल्या अध्ययनातील मेघकुमाराची कथा आपण प्रवचनांतून ऐकली आहे. पूर्वभवी तो हत्ती होता. वणव्याच्या वेळी अंग खाजविण्यासाठी त्याने पाय उचलला आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. तो चिरडू नये म्हणून हत्तीने अडीच दिवस पाय अधांतरी धरला. त्या कथेत आपले लक्ष हत्तीच्या पायाकडे असते. मी आज सशाच्या पायाविषयी बोलणार आहे.

आपल्या अंगणांत, गच्च्यांवर आणि काही पांजरपोळांतही ससे पाळले जातात. कोणी मुलांच्या हट्टाखातर आणतो, कोणी कसायाच्या हातून सोडवून. पिंजऱ्याचा तळ बहुधा तारेच्या जाळीचा असतो, कारण लेंड्या खाली पडतात आणि साफसफाई सोपी जाते. ही सोय आपली. तिची किंमत ससा मोजतो. कुत्र्या-मांजराच्या तळव्याला असते तशी गादी सशाला नसते, असतात ते केवळ दाट केस. बसताना तो मागचे पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत जमिनीला टेकवतो. माती-गवत त्या भाराखाली दबते, तार दबत नाही. केस झडतात, कातडी लाल होते, मग व्रण पडतो, आणि दुर्लक्ष झाल्यास संसर्ग हाडापर्यंत जातो. इंग्रजीत यास ‘सोअर हॉक्स’ म्हणतात. रेक्स जातीच्या सशांच्या तळव्यांवरचे केस आखूड व विरळ, म्हणून त्यांना हा त्रास अधिक.

उघड्यावरच्या सशांचा खरा शत्रू पावसाळा. ओल्या, मूत्राने भिजलेल्या अंथरुणावर कातडी मऊ पडते. जखमेवर माशा बसून अळ्या होतात. नुसता कोबा वा फरशीही कठीणच. तळाला सपाट फळी, तीवर कोरड्या गवताचा किंवा भाताच्या पेंढ्याचा जाड थर, भिजलेला भाग रोज काढणे, आणि वर पाऊस व ऊन अडविणारे छप्पर, एवढ्याने निम्मे दुखणे टळते. पाहुण्यांनी प्रेमाने भरविलेली बिस्किटे व गूळ मात्र बंद करावीत. वजन वाढले की भार पावलांवरच येतो. सशाचा मुख्य आहार गवत. नखे महिना-दीड महिन्याने तपासावीत, कारण वाढलेल्या नखांमुळे भार टाचेकडे सरकतो. (नखे कापणे म्हणजे छविच्छेद नव्हे, आतली रक्तवाहिनी सांभाळली म्हणजे झाले.)

ससा वेदना लपवितो. शिकार होणाऱ्या प्राण्याचा तो स्वभावच. तो लंगडू लागेपर्यंत थांबू नये. आठवड्यातून एकदा मांडीवर घेऊन, पाठीला व मागच्या भागाला आधार देऊन तळवे पाहावेत. केवळ लाली असेल तर तळ बदलावा. जखम असेल तर पशुवैद्यकाकडेच न्यावे. सशाचा पू घट्ट असतो, तो घरी दाबून काढू नये. घरातल्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत: अमॉक्सिसिलिनसारखे औषध तोंडाने दिल्यास आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो.

अहिंसाव्रताच्या पाच अतिचारांत पहिला ‘बंध’ आहे. सोडविलेला जीव आपण कशावर बसविला, हा प्रश्न मला त्यातच मोडणारा वाटतो. यावर कोणी म्हणतील, मग जंगलात सोडून द्यावा. तसे करू नये. पाळीव ससा युरोपातील रानसशाचा वंशज आहे. आपल्या माळावरचा ससा निराळा. कुत्री, घारी आणि उन्हाळा यांपुढे पाळीव सशाचा निभाव लागत नाही. ज्याला आणले त्याला आयुष्यभर सांभाळावे लागते, आणि नीट सांभाळल्यास तो आठ-दहा वर्षे जगतो.

ज्यांच्याकडे जाळीचे पिंजरे आहेत, त्यांनी पहिल्या पावसाआधी त्यांत फळ्या बसवून घ्याव्यात.