'नवी जात' म्हणण्याआधी



महाविद्यालयाच्या समारंभात बक्षिसे आणि नाचगाणी यांच्या मधोमध माशाच्या कल्ल्यांतले कृमी घेऊन उभा राहिलेला पाहुणा तुम्हाला विचित्र वाटेल. पण बियाण्याच्या पिशवीवर वाणाचे नाव चुकले तर अख्खा हंगाम बुडतो, हे तुम्हा जालनेकरांना सांगावे लागत नाही. प्राण्यांच्या नावांचेही तेच आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की एखादी जात 'नवी' म्हणणे हा दावा आहे आणि दाव्याला पुरावा लागतो.

शिवडा, शिंगी अशा बिनखवल्यांच्या, मिशाळ माशांच्या कल्ल्यांवर बहुधा मिलिमीटरहूनही लहान चपटे कृमी मागच्या टोकाच्या आकड्यांनी घट्ट धरून बसतात. त्यांची जात ठरते ती त्या आकड्यांच्या, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांच्या आणि नर-जननेंद्रियाच्या आकारावरून. अडचण अशी, की काचपट्टीवर झाकणकाच जरा जास्त दाबली तरी मापे बदलतात. अशा वेळी दोनतीन नमुन्यांच्या थोड्याशा फरकावर नवे नाव ठेवण्याचा मोह होतो, आणि तो पुष्कळांना आवरलेला नाही. उदाहरण पाहा: कृमींचे अभ्यासक जैन यांनी 1952 मध्ये शिवड्यावरच्या अशा कृमीसाठी थापरोक्लायडस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, स्थापली. पुढे सिलुरोडिस्कॉइडिस या दुसऱ्याच प्रजातीत जातींची गर्दी झाली. 1996 मध्ये मलेशियाच्या सुसान लिम यांनी ती मुळात वेगळी नाहीच असे दाखवले, आणि तिच्यातल्या जाती थापरोक्लायडस या जुन्या नावाखाली आल्या.

कोणी म्हणेल, नखाएवढाही नसलेला जीव, त्याच्या नावाने काय बिघडते? नॉर्वेला विचारा. जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा त्याच गटातला कृमी 1970 च्या दशकात बाल्टिक समुद्राकडच्या सामन (सॅल्मन) माशांबरोबर तिथे पोचला. बाल्टिकचे सामन त्याला पचवत होते, नॉर्वेचे पटापट मेले. शेवटी विष टाकून नद्याच्या नद्या माशांसकट रिकाम्या कराव्या लागल्या. ग्रेलिंग माशावरचा अगदी तसाच दिसणारा कृमी मात्र सामनचे असे नुकसान करत नाही. दोघांची जात एकच की वेगळी, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. ओळखण्यात चूक झाली तर निष्पाप नदीत विष जाईल, नाहीतर रोगट नदी तशीच राहील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डीएनए तपासता येत असताना आकडे मोजायचे कशाला? डीएनए हवाच. पण जुन्या वर्णनांत तो नाही. ती नावे आकृत्यांवर आणि जपलेल्या नमुन्यांवरच उभी आहेत. म्हणून एकाच कृमीचे आकडे काचपट्टीवर आणि उरलेले अंग डीएनएसाठी, असे दोन्ही पुरावे जोडावे लागतात. कामाचा पहिला भाग महाविद्यालयातल्या साध्या सूक्ष्मदर्शकावरही सुरू होतो.

तेव्हा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, बाजारातल्या शिवड्याचे कल्ले तपासा, नमुने भरपूर गोळा करा, मासा कुठल्या पाण्यातला ते लिहून ठेवा, आकृत्या हाताने काढा आणि जुनी वर्णने आधी वाचा. एवढे करूनही फरक टिकला, तरच नवे नाव द्या, आणि नमुना कोलकात्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागासारख्या संग्रहात जमा करा, म्हणजे तुमची चूक दुसऱ्याला काढता येईल.