हसावे कोणाला?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मी श्रीमती सई परांजपे यांचा विषय घेतला, याचे कारण आपल्या मंडळात महिनाभर चाललेला वाद. नाटुकल्यात घरंदाज बायकांनी विनोदी सोंगे घ्यावीत की नाहीत, हा तो वाद.

सईबाईंचा जन्म 1938 सालचा. रँग्लर परांजपे हे आजोबा. संततिनियमन हा शब्द चारचौघांत उच्चारणेही अवघड होते त्या काळी त्याचा प्रचार करणाऱ्या शकुंतलाबाई ह्या आई. आठव्या वर्षी मुलीचे ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक निघाले! असे घर आपल्यापैकी कितीजणींना लाभते? पण पुढचे कष्ट मात्र त्यांचे स्वतःचे. पुण्याची आकाशवाणी, 1963 साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची पदवी आणि नंतर दिल्ली दूरदर्शनवर निर्माती व दिग्दर्शिका. मुंबईस दूरदर्शन आले तेच मुळी 2 ऑक्टोबर 1972 रोजी. म्हणजे ही बाई त्या नव्या यंत्राच्या अगदी बाळपणी तेथे उभी होती. 1984 साली त्यांची ‘अडोस पडोस’ ही मालिका आली, पुढील साली ‘छोटे बडे’. विनोदासाठी त्यांना राजवाडा लागला नाही, शेजार पुरला.

त्यांचे चित्रपटही ह्याच जातीचे. ‘चश्मे बद्दूर’ (1981) पुष्कळजणींनी पाहिला असेल. चमको पावडर दारोदार विकणारी एक साधी मुलगी. दोन टवाळ पोरे तिच्याकडून फजीत होऊन परततात आणि मित्राला मात्र आपल्या प्रेमविजयाच्या थापा मारतात. बाईच्या नावाने अशा थापा कोणत्या गावात मारल्या जात नाहीत? एरवी अशा गोष्टीत मुलगीच हास्यास्पद व्हायची. येथे प्रेक्षक हसतात ते थापाड्यांना. ‘कथा’ (1983) ‘ससा आणि कासव’ नाटकावरून घेतलेली. चाळीतली संध्या एका गोडबोल्या भामट्याला भुलते, तो तिला टाकून पळतो, आणि साधाभोळा राजाराम सारे कळूनही तिचा स्वीकार करतो. फसलेल्या मुलीची थट्टा सईबाईंनी केली नाही. 2006 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मला विचाराल तर ह्या एका प्रसंगासाठीही ते शोभले असते.

आता आपल्या नाटुकल्याविषयी. त्यात बहिऱ्या सासूची आणि काळ्या सुनेची टिंगल आहे. ती पाहून काही भगिनी रागावल्या, त्या योग्यच रागावल्या. परंतु त्यासाठी विनोदच नको म्हणणे मला पटत नाही. हसण्याजोगी माणसे आपल्या बीड जिल्ह्यात थोडी का आहेत? दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात. नवराबायको दोघे मिळून हिशेबात एक ‘कोयता’! उचल नवऱ्याच्या हातात, आणि पहाटे उठून भाकरी थापून पुन्हा मोळ्या वाहणारी बाई त्या एका कोयत्यातला अर्धा. हा हिशेब समजावून सांगणारा मुकादम रंगमंचावर आणा, आणि त्याला बाईने एवढेच विचारू द्या की, “दादा, माझा अर्धा कोणता? पात्याकडचा की मुठीकडचा?” बघा सभागृह हसते की नाही.

सासूचा प्रवेश काढून हा घालावा, अशी माझी सूचना आहे. मुकादमाचे काम करावयास उंच आणि खणखणीत आवाजाची बाई हवी. नावे आजच चिटणीसबाईंकडे द्यावीत.