आराखड्यातील थर
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या विद्यार्थी-वसतिगृहावर आणखी एक मजला चढविण्याचा संकल्प संघाने केला आहे. त्याच्या आराखड्याविषयी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा आम्हांस झाली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. सारा जन्म प्राथमिक शाळेत गेला. वास्तुशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नव्हे. तथापि निवृत्तीनंतर नागपुरात घर बांधताना जो धडा आम्हांस मिळाला, तो संघाच्या पैशाने पुन्हा विकत घ्यावा लागू नये, एवढ्याचसाठी आम्ही उभे आहोत.

भूगोल शिकविताना आम्ही ट्रेसिंग कागदावर नकाशे काढीत असू. एका कागदावर वर्धा, वैनगंगा आणि कन्हान या नद्या, दुसऱ्यावर नागपुरास एकमेकांना छेदणारे लोहमार्ग, तिसऱ्यावर जिल्ह्यांच्या सीमा. तिन्ही कागद एकावर एक ठेवले की विदर्भ पुरा दिसे. एक उचलला तरी बाकीचे जागच्या जागी राहत. संगणकावरील आराखड्यात 'लेयर' म्हणतात तो हाच थर होय. ऑटोकॅड हा कार्यक्रम १९८२ साली निघाला. त्यात भिंती एका थरावर, दारे-खिडक्या दुसऱ्यावर, नळ तिसऱ्यावर, विजेच्या तारा चौथ्यावर काढता येतात आणि हवा तो थर झाकता किंवा उघडता येतो.

हा सपाट नकाशा पुढे स्केचअपसारख्या कार्यक्रमात नेऊन त्यावरून इमारतीची उभी प्रतिकृती रचतात. तेव्हा नकाशाबरोबर त्याचे थरही येतात. नकाशा तीन हातांखालून गेला असेल, तर त्यात तिघांच्या सवयी असतात. एकाच भिंतीला 'वॉल', 'वॉल दोन' आणि 'नवी वॉल' अशी तीन नावे मिळतात. स्केचअप नकाशातील अक्षरे, मापांच्या रेषा आणि रेघाटणी आत घेत नाही. त्यामुळे त्यांचे थर अनेकदा नुसत्या रिकाम्या नावाने उरतात. पसारा पाहून माणूस कंटाळतो आणि दिसेल ते पुसू लागतो. अनर्थाचा उगम येथेच आहे.

आमच्या घराचे असेच झाले. सांडपाण्याचे नळ वरून खाली नेण्याची जागा 'नवीन तीन' अशा निरर्थक नावाच्या थरावर काढलेली होती. प्रतिकृती रचणाऱ्याने तो थर निरुपयोगी समजून पुसला. थर पुसताना त्यावरील रेषा दुसऱ्या थरावर ठेवाव्या की त्याही नष्ट कराव्या, असे कार्यक्रम विचारतो. त्याने नष्ट करण्यास संमती दिली. चित्र फार सुंदर दिसले. आम्ही मूळ नकाशा न पाहता त्यावर सही केली आणि त्याच चित्रावरून पुढील काम झाले. स्लॅब पडल्यावर ध्यानी आले की, नळास वाटच नाही! नुकताच पडलेला स्लॅब छिन्नीने फोडावा लागला. निवृत्तीच्या पैशातील मोठा वाटा त्यात गेला. दोष एकट्या त्याचा नव्हे. आम्ही प्रश्न विचारला नाही, हा दोष आमचाच.

त्यानंतर आम्ही जाणत्यांपाशी बसून जे शिकलो, ते सांगतो. मूळ नकाशाची एक प्रत हात न लावता बाजूस ठेवावी. नकाशा आणण्यापूर्वी जुन्या कार्यक्रमातच एकाच अर्थाचे थर एकत्र करून त्यांस सार्थ नावे द्यावीत. आणताना एकक नीट निवडावे. मिलिमीटरचा नकाशा मीटर समजून घेतला तर इमारत हजारपट होते. म्हणून आणल्याबरोबर ज्याचे माप ठाऊक आहे असे एखादे दार मोजावे. नंतर आणलेल्या सर्व रेषांचा एक गट बांधून तो कुलूपबंद करावा आणि त्यावर नव्या भिंती स्वतंत्रपणे उभाराव्यात.

गट बांधण्याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. स्केचअपमध्ये थर झाकल्याने रेषा दिसेनाशी होते, पण वेगळी होत नाही. गटाबाहेरची रेषा दुसरीस चिकटलेलीच राहते. उघडी भिंत सरकविली की झाकलेली रेषाही तिच्याबरोबर ओढली जाते. आमचे ट्रेसिंगचे कागद वेगळे होते. येथे मात्र वेगळेपण गटाने येते, थराने केवळ दिसणे आणि न दिसणे ठरते. २०२० पासून त्या कार्यक्रमात थरास 'टॅग' म्हणजे चिठ्ठी म्हणू लागले, ते यथार्थच आहे. शंका असेल तो थर झाकावा. रिकामा आहे अशी खात्री झाल्यावरच काढावा.

थरांच्या नावांची ही शिस्त कोणा एकाची लहर नव्हे. आयएसओ १३५६७ हे आंतरराष्ट्रीय मानक थरांच्या मांडणीसाठी आणि नावांसाठीच आहे. पुण्याच्या सॉफ्टटेक संस्थेची ऑटोडीसीआर प्रणाली बांधकाम-परवानगीचे नकाशे तपासते, तीही भूखंडाची सीमा कोणती आणि मजल्याचे क्षेत्र कोणते हे थरांवरून ओळखते. चुकीच्या थरावर काढलेली बरोबर रेषाही तेथे चुकीचीच ठरते.

म्हणून बांधकाम समितीस आमची विनंती आहे. रंगीत चित्रावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : कोणते थर झाकलेले आहेत? कोणते पुसले आणि कोणाच्या संमतीने? मूळ प्रत कोठे आहे? थरांची यादी कागदावर उतरवून ठरावास जोडावी. आपल्या घरोघरी ही विद्या शिकणारी मुले-मुली आहेत. त्यांस यादी तपासण्यास बसवावे आणि वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून न कळलेले विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारण्याची किंमत आम्ही भरली आहे.

वसतिगृहाचा पैसा कोणा धनिकाच्या तिजोरीतून आलेला नाही. तो घराघरांतून आलेल्या लहान लहान देणग्यांचा आहे. त्या वास्तूत खेड्यापाड्यांतून आलेली आपली मुले राहावयाची आहेत. त्यांच्या छपराखालील एकही नळ कोणाच्या कंटाळ्यापायी पुसला जाऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.