जुन्या लुगड्याचे नवे काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. मोठा विषय मला पेलायचा नाही, म्हणून रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तूवरच बोलते. ती वस्तू म्हणजे गॅसवरून भांडे उतरवण्याचे फडके.

आपल्यापैकी किती जणींच्या घरी असे फडके मुद्दाम शिवलेले आहे? पुष्कळ जणी दुधाचा गंज पदरानेच उतरवतात. आपल्या आयाही तेच करीत, आणि तेही धोक्याचेच होते. पण त्यांचा पदर निदान सुती होता. आजचा पदर बहुधा पॉलिएस्टरचा. सूत जळते, पण पॉलिएस्टर वितळते आणि कातडीला चिकटते. आमच्या गल्लीतल्या एका सूनबाईचा पदर असाच ज्योतीला लागला. आग लगेच विझवली, पण वितळलेले कापड मनगटाला चिकटले. पुढे कितीतरी दिवस तिला भाकर थापता आली नाही. भगिनींनो, पदर अंगावर घ्यायचा, भांड्याला लावायचा नाही, एवढे आज मनाशी ठरवा.

आपले वऱ्हाड कापसाचे. कापूस आणि धान्याच्या बाजाराचा कायदा इथे १८९७ सालीच झाला. त्या वऱ्हाडात आज सुती लुगडे ट्रंकेच्या तळाशी शोधावे लागते. म्हणून जुने लुगडे, धोतर, पंचा भांडेवालीला देऊन टाकू नका. दहा वेळा धुतलेले सूत मऊ झालेले असते, रंग सोडत नाही आणि पुन्हा आटतही नाही.

कापड सुती की नाही, याची परीक्षा सोपी आहे. चार धागे चिमट्यात धरून पेटवावे. खाली बशी व जवळ पाणी असावे. सुताला जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसते आणि त्याची टणक गोळी बनते. मिश्र कापडाचीही गोळी होते. तेही बाजूला ठेवावे.

आता कृती. वीतभर लांबी-रुंदीचे सहा ते आठ चौकोन कापावे. सगळ्यांत वरचा तुकडा थोडा मोठा घेऊन त्याला बोटभर अंतराने बारीक चुण्या घालाव्या, म्हणजे उंचवटे येतात. सगळे थर एकावर एक ठेवून, वाकळेला घालतो तसा जवळजवळ धावदोरा घालावा. दोरासुद्धा सुतीच हवा. कडेला पट्टी लावून कोपऱ्यात अडकवायला नाडी शिवावी. आत फोम घालू नये.

या चुण्या नुसत्या शोभेच्या नव्हेत. थरांच्या आणि उंचवट्यांच्या मध्ये हवा अडकते, आणि हवेतून उष्णता सावकाश जाते. वाकळेत ऊब राहते ती याच कारणाने. शिवाय खरबरीत फडक्यातून भांडे निसटत नाही. मात्र फडके कोरडे हवे. हवेपेक्षा पाणी उष्णता वीस पटींहून अधिक वेगाने पोहोचवते. ओल्या फडक्याने तवा धरला तर चटका बसलाच म्हणून समजा.

उरलेल्या सुती चिंध्यांची वेणी घालून ती गोल गुंडाळत शिवली की गरम भांड्याखाली ठेवायला चुंबळ होते. अगदी विरलेल्या तुकड्यांचा मसोता करावा. पॉलिएस्टरच्या साड्याही वाया जात नाहीत; त्यांच्या भाजीच्या पिशव्या शिवाव्या. २०१८ पासून आपल्या राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहेच. फक्त ते कापड शेगडीजवळ नको.

कोणी म्हणेल, पाहुण्यांपुढे चिंध्यांची वस्तू कशी ठेवायची? त्यांना मी गाडगेबाबांची आठवण देते. आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली ते जन्मले. अंगावर चिंध्यांची गोधडी घालून त्यांनी गावोगाव झाडू मारला. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला, आणि आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या मुलुखात स्वच्छ धुतलेल्या चिंधीची लाज कसली?

शेवटी एक विनंती. पुढच्या सभेला प्रत्येकीने एक जुने सुती वस्त्र आणावे. कात्री आणि सुया मी घेऊन येते. लेकीच्या रुखवतात आपण हौसेने कितीतरी वस्तू मांडतो. त्यांत अशा दोन फडक्यांची जोडी ठेवू. बाकीच्या वस्तू कपाटात बसतील, ही जोडी पहिल्या दिवसापासून तिचे हात सांभाळील.