थांबवणारी प्रथिनं: भाताच्या रोपापासून आपल्या रक्तापर्यंत

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तुझ्या विषयातलं काहीतरी सांग, पण जेवणाआधी संपव," असं संयोजकांनी मला बजावलं आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, म्हणून आज नियामक प्रथिनांबद्दल बोलते. नाव जड आहे, पण टेमघरच्या माणसाला ही गोष्ट पटकन कळेल.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी किंवा शेजारी माग होते. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. थांबवणारी ती छोटी कळ बिघडली तर माग धडधडत राहतो आणि कापड वाया जातं. शरीरातही काही प्रथिनं अशी आहेत, जी स्वतः काही विणत नाहीत. कुठलं काम केव्हा सुरू करायचं आणि केव्हा थांबवायचं, एवढंच ती ठरवतात. तीच नियामक प्रथिनं.

आधी भाताचं बघू. भातावर एक बुरशीजन्य रोग येतो. रोपं आजूबाजूच्या रोपांपेक्षा झपाट्याने उंच होतात, फिकी पडतात आणि दाणा न भरताच मरतात. जपानी शेतकरी त्याला 'बकाने', म्हणजे मूर्ख रोप, म्हणत. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की बुरशीने सोडलेल्या एका द्रव्यामुळे रोपं अशी वाढतात. त्या द्रव्याला पुढे जिबरेलिन हे नाव मिळालं. तेच द्रव्य रोप स्वतःही थोडंथोडं बनवत असतं, हे नंतर कळलं.

रोपात वाढ रोखून धरणारी 'डेला' गटातली प्रथिनं असतात. जिबरेलिन आलं की पेशी ही प्रथिनं मोडून टाकते आणि रोप वाढतं. बुरशी जिबरेलिनचा पूरच आणते, त्यामुळे ब्रेक शिल्लकच राहत नाही. याच्या नेमकं उलट १९६० च्या दशकातल्या बुटक्या भातात झालं. १९६६ चा आयआर-८ आणि आपल्याकडचा १९६८ चा 'जया' या वाणांत जिबरेलिन कमी बनतं, म्हणून ब्रेक टिकतो आणि रोप ठेंगणं राहतं. जुनी उंच भातं खत दिलं की लोळायची, ही उभी राहिली. हरितक्रांतीच्या बुटक्या गव्हात तर खुद्द डेला प्रथिनच असं बदललेलं आहे, की ते जिबरेलिनला दाद देत नाही.

आता पुराचं. २६ जुलै २००५ इथे कुणाला सांगायला नको. भात पाण्याखाली गेला की बहुतेक वाणं श्वासासाठी धडपडत उंच होऊ पाहतात. त्यात साठवलेली साखर संपते आणि पाणी ओसरेपर्यंत रोप मरतं. ओडिशातल्या एफआर-१३ए या जुन्या वाणात 'सब-१ए' नावाचं नियामक प्रथिन सापडलं. ते पाण्याखाली डेलाचा ब्रेक घट्ट धरून ठेवतं. रोप गप्प बसतं, पुरवून खातं आणि पाणी गेल्यावर पुन्हा फुटतं. हे जनुक संकराने 'स्वर्णा' या वाणात आणलं. २००९ मध्ये प्रसारित झालेलं स्वर्णा-सब-१ सुमारे दोन आठवडे बुडूनही तग धरतं.

माणसाकडे येते. पी-५३ हे प्रथिन १९७९ साली सापडलं. पेशीच्या डीएनएत बिघाड झाला की ते तिचं विभाजन थांबवतं. कर्करोगाच्या जवळपास निम्म्या गाठींत त्याचंच जनुक बिघडलेलं आढळतं.

पण आज मला बोलायचंय ते बीसीएल-११ए या प्रथिनाबद्दल. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळं, गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर बीसीएल-११ए ते बंद करतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन ती जागा घेतं. थॅलेसेमिया मेजर असलेल्या बाळाला हे मोठ्यांचं हिमोग्लोबिन धड बनवताच येत नाही. म्हणून जन्मतः ठणठणीत दिसणारं बाळ काही महिन्यांत पांढरं पडू लागतं. २००८ मध्ये या प्रथिनाचं काम उमगलं. मग रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत हा ब्रेक सैल करून गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करण्याचा उपचार तयार झाला. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला सिकलसेल आणि थॅलेसेमिया या दोन्हींसाठी मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे.

आपल्या बॅचमधल्या एका मैत्रिणीच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. तिला विचारूनच हे सांगते आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त, शिवाय शरीरात साचलेलं लोह काढायची औषधं, असं एकोणीस वर्षं चाललं आहे. ती आणि तिचा नवरा दोघेही वाहक आहेत. दोघांनाही कधी काही त्रास झाला नव्हता. गरोदरपणात रक्त कमी निघालं तेव्हा लोहाच्या गोळ्या मिळाल्या, पुढची तपासणी कुणी सुचवली नाही.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असेल तर बाळाला मेजर होत नाही. उल्हासनगरच्या सिंधी समाजात याची जाणीव बरीच आहे, पण वाहक कच्छी, गुजराती, पंजाबी आणि आपल्या मराठी घरांतही सापडतात. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलही आहे.

आपली मुलं आता लग्नाच्या वयाची झाली. आपण पत्रिका बघतो, पगार बघतो, फ्लॅट कुणाच्या नावावर ते बघतो. त्यात एक कागद वाढवा: हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणी. ती आयुष्यात एकदाच करायची, दोघांचीही. मुलीचीच करा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वाहक निघालात तर लग्न मोडायची गरज नाही. दोघेही वाहक असले तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची तपासणी करता येते, फक्त आधी माहीत असलं पाहिजे.

मैत्रिणीच्या मुलाला रक्त लागतं ते दर तीन आठवड्यांनी, आणि मे महिन्यात रक्तपेढ्या रिकाम्या असतात. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांना रक्त देता येईल त्यांनी जेवायला जाण्याआधी तिच्यात नाव आणि रक्तगट लिहा.