तालवाद्यांचा तोल



दिवाळी सरली, भाऊबीज झाली, कीं आमच्या तिरोड्याच्या आसपासच्या खेड्यांतून मंडई भरूं लागते. धानाचीं शेतें पिवळीं झालेलीं असतात, लेकीबाळी माहेरीं आलेल्या असतात, आणि मोकळ्या जागेवर दंडार उभी राहते. अशा वेळीं ढोलकी वाजविणाऱ्याकडे मीं पुष्कळदां लक्ष देऊन पाहिलें आहे. गाणाऱ्यानें शब्द उचलला, कीं त्याचा हात आपोआप हलका होतो. ओळ संपली, कीं तो पुन्हां मोकळा सुटतो. टाळकरीहि तसेंच करितात. कोणी कोणास सांगत नाहीं. प्रत्येकाचा आवाज ज्याच्या त्याच्या हातांत असतो, आणि सर्वांचे कान गाणाऱ्याकडे असतात.

हाच तोल संगणकावर कसा सांभाळावा, हा आजचा माझा विषय आहे. साठी ओलांडलेल्या शाळामास्तरानें हा विषय कां घ्यावा, असें आपणांस वाटेल. म्हणून आधीं घडलेली हकीकत सांगतों.

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. तरुणपणीं ते दंडारींत गात असत. आतां आवाज थकला आहे. पण पदें तोंडपाठ आहेत, आणि तीं कोठेंहि लिहिलेलीं नाहींत. माझ्या पुतण्यानें त्यांचें एक पद ध्वनिमुद्रित केलें व हौसेनें त्याखालीं संगणकावरील तालवाद्यें बसविलीं. पद ऐकविलें, तेव्हां मोठी झांज दर समेवर अशी कोसळे, कीं ओळीचा शेवटला शब्द तिच्याखालीं गडप होई. बुवांनीं शांतपणें सारें ऐकून घेतलें आणि मला विचारलें, "गुरुजी, या गान्यात मी कुठं आहो?"

पुतण्या ओशाळला. त्यानें तालाच्या आवाजाची कळ खालीं ओढली. झांज दबली खरी. पण तिच्याबरोबर, ज्याच्या ठोक्यावर सारें पद उभें होतें तो मोठा ढोलहि दबला. पद लंगडें वाटूं लागलें. "काका, झांज तेवढी कमी होत नाहीं," तो म्हणाला. कां होत नाहीं, हें समजून घेण्यांत आमच्या दोन रात्री गेल्या.

संगणकांतील हीं वाद्यें 'मिडी' नांवाच्या पद्धतीनें वाजतात. निरनिराळ्या कारखान्यांचीं विद्युत्-वाद्यें एकमेकांशीं जोडतां यावींत, म्हणून ही पद्धति १९८३ सालीं प्रचारांत आली. अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ व जपानांतील इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते. त्याबद्दल दोघांस २०१३ सालीं तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मिडीच्या पट्टींत ध्वनि नसतो, केवळ आज्ञा असतात: कोणता स्वर, केव्हां, किती जोरानें. हजेरीपटांत मुलें नसतात, मुलांचीं नांवें असतात, तसेंच हें.

या आज्ञा १६ मार्गांनीं जातात. त्यांस चॅनेल म्हणतात. १९९१ सालच्या 'जनरल मिडी' या नियमावलीनें दहावें चॅनेल तालवाद्यांस दिलें. इतर चॅनेलवर एका वेळीं एकच वाद्य बसतें. दहाव्यावर मात्र सारा ताफा एकत्र. तेथें क्रमांक स्वर सांगत नाहीं, वाद्य सांगतो. ३६ म्हणजे मोठा ढोल, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे मिटलेली हाय-हॅट, ४९ म्हणजे कोसळणारी क्रॅश झांज. आणि आवाज कमीजास्त करणारी जी सातव्या क्रमांकाची आज्ञा आहे, ती सबंध चॅनेलला लागू पडते. पुतण्याच्या हातांतील कळ तीच आज्ञा देत होती.

हें उमगलें तेव्हां मला माझा वर्ग आठवला. मागच्या बांकावरून गलका झाला, कीं मी चाळीसहि मुलांस उभें करीत असें. वर्ग शांत होई. परंतु पुढच्या बांकावर एक मुलगा हलक्या आवाजांत बरोबर उत्तरें देत असे. तोहि त्या वर्षीं गप्प झाला, आणि तें माझ्या ध्यानांत आलें तों वर्ष संपलें होतें.

आतां उपाय सांगतों. आरंभीं मूळ फाईलीची एक प्रत बाजूस ठेवावी.

पहिला उपाय आघाताच्या जोराचा. प्रत्येक ठोक्याबरोबर १ ते १२७ पर्यंतचा एक आकडा लिहिलेला असतो; तो ठोका किती जोराचा, हें तो दाखवितो. संपादनाच्या पटलावर ४९ क्रमांकाची ओळ शोधावी, तीवरील सर्व ठोके एकदम निवडावे व त्यांचे आकडे खालीं आणावे. मात्र सगळ्यांस एकच आकडा देऊं नये. शंभराचे साठ केले, तर पन्नासाचे तीस करावे. प्रमाण राखलें, तरच लहानमोठ्या ठोक्यांतील जीव राहतो. शिवाय कांहीं वाद्यसंचांत जोर बदलला, कीं नादाचा पोतहि बदलतो. तो कानांनीं पारखावा.

दुसरा उपाय ताफा वेगळा करण्याचा. क्रमांकावरून ठोके निवडून प्रत्येक वाद्यास स्वतःचा ट्रॅक द्यावा. येथें आम्ही एकदां फसलों. ट्रॅक चार झाले, पण चारहि दहाव्याच चॅनेलवर, एकाच वाद्यसंचाकडे जात होते. एकाची कळ खालीं केली, कीं चौघांचा आवाज पडे. कारण वाटा निराळ्या दिसल्या, तरी दार एकच होतें. म्हणून प्रत्येक ट्रॅकास वाद्यसंचाची स्वतंत्र प्रत जोडावी. मग प्रत्येक कळ खरोखर स्वतंत्र होते.

तिसरा उपाय सर्वांत सोपा. हायड्रोजन नांवाची विनामूल्य मिळणारी प्रणाली केवळ तालासाठींच केलेली आहे. तींत प्रत्येक वाद्याची आवाजाची कळ मुळांतच वेगळी असते.

एक सूचना ढोलकीच्या चाहत्यांसाठीं. जनरल मिडीच्या ३५ ते ८१ क्रमांकांच्या तालयादींत कोंगा आहे, बोंगो आहे, त्रिकोणहि आहे. तबला नाहीं आणि ढोलकीहि नाहीं. आपली ढोलकी मुद्रित नादांच्या संचांतून घ्यावी लागते, आणि तिचे क्रमांक त्या संचाचा कर्ता ठरवितो. ते आधीं पाहून घ्यावे, नाहींतर ढोलकी समजून आपण भलत्याचाच आवाज कापूं.

तोल साधण्याचा क्रमहि सांगून ठेवतों. सर्व वाद्यें बंद करावीं आणि प्रथम केवळ गाणें ऐकावें. मग मोठा ढोल हलकेच वर आणावा, मग इतर वाद्यें, आणि झांज सर्वांच्या शेवटीं. ज्या क्षणीं एखादा शब्द अस्पष्ट होईल, त्या क्षणीं हात आवरावा. संगणकाला गाणाऱ्याचें तोंड दिसत नाहीं. तें काम आपल्यालाच करावें लागतें.

आम्हीं तसें केलें. मोठ्या ढोलास हात लावला नाहीं. झांज मात्र जवळजवळ निम्म्यावर आणली. दुसऱ्या दिवशीं बुवांस बोलावून पद पुन्हां ऐकविलें. ते मांडीवर बोटांनीं ताल धरून ऐकत होते. शेवटची ओळ आली, शेवटला शब्द स्वच्छ ऐकूं आला, आणि त्यांचें बोट थांबलें. थोड्या वेळानें ते पुतण्यास म्हणाले, "बाबू, अजून धा-बारा पदं हायेत. उद्या येऊ का?"

त्यांतील तीन आजवर उतरून झालीं आहेत.