ओल्या गोधडीची गोष्ट
(मंडळीतील बंधुभगिनींपुढे केलेले भाषण)



गेली कित्येक वर्षे मी किनवट-माहूर भागातल्या पाड्यांवर नर्स म्हणून फिरते आहे. लसीकरण, कुपोषण, बाळंतपण यांवर मी तुमच्याशी बोलले आहे. आजचा विषय मात्र चारचौघांत कोणी काढत नाही. मोठ्या माणसाचे झोपेत अंथरूण ओले होणे. हसू नका. शंभरात एक-दोन प्रौढांना हा त्रास असतो, म्हणजे या सभागृहातही कोणीतरी असेल.

एका पाड्यावर एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. बारावी झाला होता. नांदेडला कॉलेजात नाव घातले, वसतिगृहात जागाही मिळाली, आणि चार दिवसांत तो गाठोडे घेऊन परत आला. कारण सांगेना. शेवटी त्याची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, लहानपणापासून त्याची गोधडी रोज वाळवते मी. आता पोरं हसली."

मी त्याला सांगितले, "संध्याकाळनंतर पाणी पिऊ नकोस." आपण सगळे हेच सांगतो. त्याने ते जरा जास्तच मनावर घेतले आणि दुपारपासूनच पाणी सोडले. दिवस उन्हाळ्याचे. तिसऱ्या दिवशी हातापायांत, छातीत अशा कळा सुरू झाल्या की त्याला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणावे लागले. रक्त तपासले तेव्हा कळले, मुलाला सिकलसेल आहे.

ती चूक माझी होती. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात आणि मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला इजा करतात. मग मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. रात्रभर पातळ लघवी भरपूर तयार होत राहते. म्हणून या आजारात मुलांचे, आणि काही मोठ्यांचेही, अंथरूण ओले होते. पाणी तोडले तर लघवी फारशी कमी होत नाही, उलट रक्त घट्ट होऊन कळा उठतात. तेव्हा आदिवासी भागात अंथरूण ओले करणाऱ्या तरुणाला पाणी तोडायला सांगण्याआधी त्याची सिकलसेल तपासणी करा. पहिली सॉल्युबिलिटी चाचणी साधी असते. ती पॉझिटिव्ह आली तर पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. 1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिच्यात ही तपासणी होते.

पण प्रत्येकाला सिकलसेल नसतो. वर्षानुवर्षे कोरडे अंथरूण असलेल्या माणसाचे ते अचानक ओले होऊ लागले, तर कारण शोधलेच पाहिजे. मधुमेह, लघवीतला जंतुसंसर्ग, जुनाट बद्धकोष्ठ, रात्री झोपेत येणारी फिट, घोरताना श्वास अडकणे, झोपेची गोळी, दारू. म्हाताऱ्या पुरुषाची प्रोस्टेट वाढून लघवी तुंबते आणि रात्री आपोआप गळते. आजोबांना "वयच झालं" म्हणून सोडून देऊ नका. लातूरकडच्या मंडळींना किल्लारीच्या भूकंपानंतर मणक्याला मार बसलेली माणसे आठवत असतील. मणक्यातली नस दबली की लघवीचा ताबा जातो. म्हणून पायांत जोर नसेल, बैठकीची जागा बधिर झाली असेल, किंवा लघवी अजिबात होत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तापाबरोबर कंबर दुखत असेल किंवा लघवीत रक्त दिसले तरीही थांबू नका.

जाताना तीन दिवसांची वही न्या. किती वाजता काय प्यायलो, किती वेळा लघवी झाली, कोणत्या रात्री अंथरूण ओले झाले. डॉक्टरांचे निम्मे काम होते. रात्रीची लघवी कमी करणारी गोळी मिळते, पण ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये. रक्तातले मीठ धोकादायक रीतीने उतरू शकते. आणि देवऋषाकडे जाणाऱ्याला रागावू नका. लाज वाटते म्हणून माणूस आधी तिकडेच जातो.

त्या मुलाचे अंथरूण अजूनही कधीकधी ओले होते. तो दिवसभर पाणी पितो, औषध घेतो आणि रात्री दोन वाजता मोबाइलचा गजर लावून उठतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा नांदेडला गेला, मेणकापड आणि दोन जादा चादरी घेऊन. चादरी तुमच्याच देणगीतल्या होत्या. आईने गोधडीही दिली होती. ती मात्र त्याने घरीच ठेवली.